दर आठवड्याला नवा माणूस: जुन्या वेस्टर्न कथामालिका कशा उभ्या राहायच्या

प्रश्न असा आहे: ‘डेथ व्हॅली डेज’, ‘झेन ग्रे थिएटर’, ‘वॅगन ट्रेन’ अशा जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिकांत, दर आठवड्याला गोष्ट वेगळी आणि माणसंही वेगळी असायची. मग कायमचा नायक नसताना प्रेक्षक परत का यायचे? आणि ‘ही खरी घडलेली गोष्ट’ असं जे सांगितलं जायचं, त्यात तथ्य किती? विचारणारीने नुकतीच छोट्या पडद्यासाठी लिहायला सुरुवात केली आहे, म्हणून उत्तर लेखनाच्या अंगाने देतो. मी बरीच वर्षं मालिकांच्या पटकथा लिहितो, नव्या लेखकांना शिकवतो, आणि या मालिकांचे भाग वर्गात मध्येच थांबवून, मागे नेऊन दाखवत आलो आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या दृष्टीने सरळ आहे. कायमचा नायक नव्हता हीच या मालिकांची ताकद होती. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ चालली. तिच्यातल्या मार्शल मॅट डिलनवर कितीही बंदुका रोखल्या गेल्या तरी पुढच्या आठवड्यात तो डॉज सिटीच्या रस्त्यावर उभा असणार, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. त्याचा जीव धोक्यात घालून लेखकाला फारसं काही साधत नाही. स्वतंत्र कथेत तसं नसतं. समोरचा शेतकरी, खाणवाला, डॉक्टर किंवा शाळेतली बाई मरू शकते, पळू शकते, ऐनवेळी कच खाऊ शकते. पुढच्या आठवड्यात तिची गरजच नसते, त्यामुळे लेखकाने तिला वाचवलंच पाहिजे असं बंधन नाही. अर्ध्या तासात एका अनोळखी माणसापुढे एक निर्णय येतो आणि तो काय करील याचा खरोखरच अंदाज नसतो. माझ्या मते या प्रकाराचा सगळा जोर या एका गोष्टीत आहे, आणि जिथे मालिकांनी ती सोडली तिथे त्या सपाट झाल्या.

उदाहरण घेऊ. ‘डेथ व्हॅली डेज’ १९५२ मध्ये टीव्हीवर आली ती कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी दरीला तिचं नाव कसं पडलं या गोष्टीने. मूळ घटना १८४९ ची आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि माणसांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. त्यातला एक जथा जवळची वाट मिळेल या आशेने मुख्य रस्ता सोडून वाळवंटात शिरला आणि अडकला. बेनेट आणि आर्केन या दोन कुटुंबांत लहान मुलं होती, बैलांची हाडं वर आली होती, अन्न संपत आलं होतं. विल्यम मॅनली आणि जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले. डोंगर आणि वाळवंट तुडवून, सुमारे चारशे किलोमीटर चालून ते वस्तीपर्यंत पोहोचले.

आता या ठिकाणी थांबून पाहा. दोघं सुटले आहेत. जेवण मिळालंय, पाणी मिळालंय, पुढे सोन्याचा मुलूख आहे. मागे राहिलेली माणसं त्यांची नात्याची नाहीत. ती अजून जिवंत असतील याचीही खात्री नाही. आणि परत जायचं म्हणजे तोच रस्ता पुन्हा. ते परत गेले. जाताना घोडे घेतले होते, ते एका अवघड चढाशी सोडून द्यावे लागले. एक एकाक्ष खेचर मात्र तेवढं पार पडलं. एकूण २६ दिवसांनी ते तळावर पोहोचले तेव्हा बरीच माणसं कंटाळून निघून गेली होती, पण दोन्ही कुटुंबं वाट पाहत थांबली होती. मग गाड्या तिथेच सोडल्या, शर्टांच्या पिशव्या शिवून बैलाच्या दोन्ही अंगांना लटकवल्या, त्यांत लहान मुलांना बसवलं आणि सगळे चालत बाहेर पडले. हे सगळं मॅनलीने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवलं आहे.

पटकथा लिहिणाऱ्याला यात काय दिसायला हवं? वाळवंट नव्हे, तहान नव्हे. ती पार्श्वभूमी झाली. गोष्ट आहे ती वस्तीत पोहोचल्यानंतरच्या त्या एका रात्रीची, परत जायचं की नाही याची. मॅनली हा कायमचा नायक असता तर तो परत जाणार हे पहिल्या मिनिटालाच कळलं असतं. पहिल्यांदाच भेटलेल्या तरुणाबद्दल तशी खात्री देता येत नाही.

तरीही प्रेक्षकाला दर आठवड्याला ओळखीचं काहीतरी लागतंच. दार उघडणारा माणूस तरी तोच हवा. ते काम सूत्रधाराने केलं, आणि सूत्रधाराच्या मागे प्रायोजक उभा होता. ‘डेथ व्हॅली डेज’ची कुळकथा इथे सांगायलाच हवी, कारण ती या सगळ्या प्रकाराची मुळं दाखवते. ही मालिका मुळात रेडिओवरची, १९३० मध्ये सुरू झालेली. पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीला कपडे धुण्याची पूड खपवायची होती. न्यू यॉर्कच्या जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या रूथ वुडमन या लेखिकेकडे ते काम आलं. तिला वाळवंटाचा काही गंध नव्हता. ती तिकडे जाऊ लागली, जुन्या खाणवाल्यांना, गाडीवानांना भेटू लागली, ओसाड पडलेल्या वस्त्या पाहू लागली, आणि तिथून गोष्टी घेऊन परत येऊ लागली. रेडिओसाठी तिने वर्षानुवर्षं लिहिलं आणि टीव्हीवरही तिचं नाव राहिलं. वेस्टर्न म्हटलं की पुरुषी, बंदुकीचा प्रकार असं आपण धरून चालतो. त्यातली सर्वांत दीर्घायुषी कथामालिका एका बाईने, लोकांकडून ऐकून ऐकून उभी केली आहे. या मालिकेत खाणावळ चालवणाऱ्या, नवऱ्यामागे दुकान सांभाळणाऱ्या, एकटीने खाण शोधणाऱ्या बायका वारंवार भेटतात याचं मला नवल वाटत नाही.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बिगूल वाजतो आणि वीस जनावरांची लांबलचक गाडी वाळवंटातून येताना दिसते. ती नुसती शोभा नव्हे, ते उत्पादनाचं बोधचिन्ह आहे. पण त्यामागचं काम खरं होतं. १८८३ ते १८८९ या काळात डेथ व्हॅलीतला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, अशा गाड्यांतून मोहावीच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेला जायचा. अंतर १६५ मैल, सुमारे २६५ किलोमीटर. दोन मालगाड्या एकामागे एक जोडलेल्या, त्यांच्या मागे पाण्याची टाकी, सगळं मिळून ३६ टनांहून अधिक वजन. मागची चाकं सात फूट उंच. अठरा खेचरं आणि गाडीजवळ जुंपलेले दोन घोडे, सगळे एका लांब साखळीला बांधलेले. हाकणाऱ्याच्या हातात लगामांचा गुंता नसायचा. सव्वाशे फुटांच्या आसपास लांबीची एकच दोरी अगदी पुढच्या डाव्या खेचरापर्यंत गेलेली. ती सलग ओढली की डावीकडे, झटके दिले की उजवीकडे.

खरी करामत वळणावर. इतकी लांब साखळी वळणावर ताणली की ती सरळ व्हायला पाहते आणि गाडी आतल्या बाजूला, कड्याकडे ओढली जाते. म्हणून मधल्या काही जोड्यांना असं शिकवलेलं असायचं की वळण आलं की त्यांनी साखळीवरून पलीकडे उडी मारायची, तिरकं चालत बाहेरच्या बाजूला ओढ द्यायची, आणि वळण संपलं की पुन्हा उडी मारून जागेवर यायचं. हे दृश्य कुठे मिळालं तर संथ गतीने पाहा. जनावराच्या पायात किती शिकवण भरलेली आहे ते कळतं.

ही वाहतूक सहा वर्षं चालली आणि थांबली. तिचं चित्र मात्र पुढे रेडिओवर आणि टीव्हीवर १९७० पर्यंत लोकांच्या घरात येत राहिलं. ते चित्र आणि ते नाव विक्रीसाठी वापरायची कल्पना कंपनीतल्या स्टीव्हन मॅथर यांची. हेच मॅथर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक झाले.

सूत्रधाराकडे वळू. पहिली दहाएक वर्षं स्टॅन्ली अँड्र्यूज हे अभिनेते ‘ओल्ड रेंजर’ या भूमिकेत गोष्टीची ओळख करून द्यायचे. मग साठच्या दशकाच्या मध्यावर रोनाल्ड रेगन आले. रेगन यांनी त्याआधी ‘जनरल इलेक्ट्रिक थिएटर’चं सूत्रसंचालन आठ वर्षं केलं होतं, त्यामुळे प्रायोजकाचा चेहरा कसा व्हायचं हे त्यांना चांगलं अवगत होतं. ‘डेथ व्हॅली डेज’च्या काही भागांत त्यांनी कामही केलं. १९६६ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि ही जागा रॉबर्ट टेलर यांच्याकडे गेली. शेवटी डेल रॉबर्टसन. १८ हंगाम आणि ४५२ भाग एवढा हा पसारा. मालिका एखाद्या राष्ट्रीय वाहिनीची नव्हती. प्रायोजकाकडून ती शहराशहरातल्या केंद्रांवर स्वतंत्रपणे जायची. वाहिन्यांनी साठच्या दशकात वेस्टर्नकडे पाठ फिरवायला सुरुवात केली तरी ही टिकली, त्याचं एक कारण हे असावं.

सूत्रधाराचं निवेदन आज जुनाट वाटतं, पण लेखकाने ते वहीत उतरवून पाहावं. एका मिनिटाच्या आत साल, जागा, माणसाचा धंदा आणि त्याच्या मानेवरची टांगती तलवार, एवढं सगळं सांगून झालेलं असतं. हे काम संवादातून करायचं म्हटलं तर तीन-चार मिनिटं सहज जातात, आणि पंचवीस-सव्वीस मिनिटांच्या गोष्टीत तेवढी चैन परवडत नाही. शिवाय संवादांतून माहिती पेरायला लागलं की माणसं एकमेकांना ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगू लागतात. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत हा दोष किती बोकाळला आहे ते वेगळं सांगायला नको.

‘झेन ग्रे थिएटर’ची घडण वेगळी. झेन ग्रे हे पेशाने दंतवैद्य, पुढे वेस्टर्न कादंबऱ्यांचे अतिशय खपणारे लेखक, १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाची मालिका १९५६ मध्ये सीबीएस या वाहिनीवर आली आणि १९६१ पर्यंत चालली. सुरुवातीला कथा त्यांच्या होत्या, पुढे इतरांच्याही घेतल्या. सूत्रधार डिक पॉवेल. ते नट होते, दिग्दर्शक होते आणि ‘फोर स्टार’ या निर्मितीसंस्थेचे एक मालकही. डेव्हिड निवेन आणि चार्ल्स बॉयर हे त्यांचे भागीदार. नटांनीच काढलेली संस्था असल्यामुळे मोठे कलाकार एखाद्या भागापुरते येऊन जायला तयार असत.

इथे धंद्याची एक बाजू समजून घ्यायला हवी. नवी मालिका विकायची तर नमुन्याचा भाग बनवावा लागतो, ज्याला धंद्यात पायलट म्हणतात. तो विकला गेला नाही तर पैसा बुडाला. पण तोच भाग चालू कथामालिकेत एक गोष्ट म्हणून घातला तर खर्च प्रायोजकाकडून निघतो, प्रेक्षकांची पसंतीही कळते. पॉवेल यांनी हे पद्धतशीरपणे केलं. ‘ट्रॅकडाउन’, ‘द रायफलमन’, ‘जॉनी रिंगो’, ‘द वेस्टर्नर’ या सगळ्या मालिका ‘झेन ग्रे थिएटर’च्या पोटातून निघाल्या. ‘ट्रॅकडाउन’मधून पुढे स्टीव्ह मॅक्वीनची ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’ निघाली.

याची किंमतही मोजावी लागली. जो भाग पायलट म्हणून लिहिला जातो त्यात मुख्य माणूस मरू शकत नाही. म्हणजे वर ज्या ताकदीबद्दल बोललो तीच हातची जाते. सराव झाला की असे भाग ओळखू येतात. मुख्य पात्राच्या हातात काहीतरी खास शस्त्र असतं, सोबत मूल किंवा कुत्रा असतो, आणि शेवटी तो कुठेतरी स्थिरावतो किंवा निघून जातो, संपत मात्र नाही.

पण या अडचणीतूनही वाट काढता येते. ‘द शार्पशूटर’ हा मार्च १९५८ चा भाग पाहा, ‘द रायफलमन’चा पायलट. लेखक सॅम पेकिनपा, तेव्हा तिशीतला. ही पटकथा आधी ‘गनस्मोक’ने नाकारली होती. ल्यूकस मॅकेन हा विधुर आपल्या लहान मुलाला घेऊन नव्या गावात येतो. जमीन घ्यायची आहे, पैसे हवे आहेत, आणि गावात नेमबाजीची स्पर्धा आहे. तो पट्टीचा नेमबाज. स्पर्धा त्याच्या खिशात असल्यासारखी. गावच्या दांडग्याला मात्र तो जिंकायला नको आहे, आणि धमकी येते ती मुलाच्या जिवावर. ल्यूकस मुद्दाम नेम चुकवतो.

पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या नायकाची ही पहिली ओळख आहे. तो सगळ्या गावासमोर, ज्या एका गोष्टीत तो सर्वांत चांगला आहे त्याच गोष्टीत, जाणूनबुजून हरतो. मूल आधीच्या मसुद्यात नव्हतं, नंतर घातलं गेलं, आणि त्या एका बदलाने गोष्टीचं वजन बदललं. मूल नसतं तर नेम चुकवणं ही भीती ठरली असती. मूल आल्यावर तो बापाचा निर्णय ठरतो. नायक जगणार हे प्रेक्षकाला माहीत असलं तरी तो काय गमावणार हे माहीत नाही. धोका जिवावरून इभ्रतीवर सरकवला, एवढंच केलं. माझ्या वर्गात मी हा भाग इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ चालवतो. विद्यार्थ्यांना मी एवढंच करायला सांगतो: तुमच्या गोष्टीतून एक माणूस काढा, किंवा एक घाला, आणि तोच प्रसंग पुन्हा लिहा.

तिसरा मार्ग ‘वॅगन ट्रेन’चा. ही १९५७ मध्ये एनबीसीवर सुरू झाली, पुढे एबीसीवर गेली, १९६५ मध्ये संपली. जॉन फोर्ड यांच्या १९५० च्या ‘वॅगन मास्टर’ या चित्रपटावरून तिची कल्पना सुचली. त्यात काम केलेले वॉर्ड बाँड इथे तांड्याचे प्रमुख मेजर सेथ अ‍ॅडम्स झाले. ही अर्धी कथामालिका म्हणावी लागेल. तांडा कायमचा, त्याचा प्रमुख आणि वाटाड्या कायमचे, पण प्रत्येक भाग तांड्यातल्या एका प्रवाशाचा. भागाचं नावच त्या प्रवाशाचं: ‘द विली मोरान स्टोरी’, ‘द कोल्टर क्रेव्हन स्टोरी’. दोन्ही बाजूंचा फायदा मिळाला. प्रेक्षकाला ओळखीचे चेहरे मिळाले आणि लेखकाला असा माणूस मिळाला ज्याचं काहीही होऊ शकतं. १९६१-६२ च्या हंगामात ही अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. जीन रॉडनबेरी यांनी ‘स्टार ट्रेक’ची कल्पना वाहिनीपुढे मांडताना ताऱ्यांकडे निघालेली वॅगन ट्रेन असंच तिचं वर्णन केलं होतं. म्हणजे हा साचा वाळवंटातून थेट अंतराळात गेला.

‘कोल्टर क्रेव्हन’चा भाग खुद्द फोर्ड यांनी दिग्दर्शित केला. गृहयुद्धात जखमींचे हाल पाहून खचलेला, दारूला लागलेला डॉक्टर तांड्यात आहे, आणि एका अडलेल्या गरोदर बाईला शस्त्रक्रियेची गरज आहे. मेजर अ‍ॅडम्स त्याला आपल्या गावच्या एका अपयशी, दारूपायी बदनाम झालेल्या माणसाची गोष्ट सांगतात. तो माणूस म्हणजे पुढे सेनापती झालेला युलिसिस ग्रँट. त्या आठवणीत जॉन वेन जनरल शेर्मनच्या भूमिकेत क्षणभर सावलीत दिसतात, श्रेयनामावलीत दुसऱ्याच नावाने. हा भाग २३ नोव्हेंबर १९६० ला दाखवला गेला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला वॉर्ड बाँड वारले होते. मालिका थांबली नाही. जॉन मॅकिन्टायर नवे प्रमुख म्हणून आले आणि तांडा पुढे निघाला. केंद्रात एकच माणूस असलेल्या मालिकेला हे इतकं सहज पेललं नसतं.

निर्मितीबद्दल थोडक्यात. अर्ध्या तासाचा भाग साधारण तीन दिवसांत चित्रित व्हायचा. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थमधला आयव्हर्सन रँच, तिथले गोल मोठे धोंडे, एकदा ओळखले की शेकडो भागांत दिसतात, कधी ते अ‍ॅरिझोना असतात तर कधी टेक्सस. लाकडी रस्ता एकच, पाट्या बदललेल्या. गाड्यांची दूरची दृश्यं जुन्या चित्रपटांतून उचललेली. फोर्ड यांनीही वर सांगितलेल्या भागात ‘वॅगन मास्टर’मधली दृश्यं वापरली. पैसा चेहऱ्यांवर आणि संवादांवर खर्च व्हायचा. म्हणून या मालिकांतले चांगले प्रसंग बहुधा खोलीतले असतात: टेबल, दिवा, दोन माणसं. १९५८-५९ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या दहा मालिकांपैकी सात वेस्टर्न होत्या, आणि एवढा माल दर आठवड्याला पुरवायचा तर दुसरा इलाजही नव्हता.

आता खरेपणाचा प्रश्न. ‘डेथ व्हॅली डेज’मधल्या पुष्कळ घटनांना खरा आधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १८५९ मध्ये स्वतःला अमेरिकेचा सम्राट जाहीर करणारा जोशुआ नॉर्टन खरा होता, मॅनली-रॉजर्स खरे होते. एरन आणि रोझी विंटर्स हे जोडपंही खरं. त्यांची गोष्ट अशी सांगितली जाते: १८८१ मध्ये वाळवंटातल्या त्यांच्या झोपडीत एक वाटसरू उतरला. नेव्हाडात टाकणखाराने लोक कसे श्रीमंत होत आहेत ते त्याने सांगितलं, आणि ओळखायची खूणही सांगितली. पुडीवर आम्ल आणि अल्कोहोल ओतून पेटवायचं. ज्योत हिरवी आली तर टाकणखार. विंटर्सने असा पांढरा थर डेथ व्हॅलीत पाहिला होता. नवरा-बायको तिथे गेले, अंधार पडायची वाट पाहिली आणि काडी ओढली. ज्योत हिरवी जळली. तो हक्क त्यांनी २०,००० डॉलरला विकला, आणि त्यातूनच पुढचा वीस जनावरांच्या गाड्यांचा उद्योग उभा राहिला.

या गोष्टीवरच्या भागाचं नाव ‘शी बर्न्स ग्रीन’. गंमत लक्षात घ्या, तेव्हाचा टीव्ही कृष्णधवल होता. ज्या हिरव्या रंगावर सगळी गोष्ट उभी आहे तो रंग पडद्यावर दिसणारच नव्हता. म्हणून तो बोलावा लागतो, आणि भागाचं नाव म्हणजे ते वाक्यच आहे. रेडिओपासून आलेल्या मालिकेला ही अडचण वाटली नसेल. दिसत नाही ते माणसाच्या तोंडून ऐकवायचं, हीच तिची जुनी सवय. आजच्या लेखकाने या प्रसंगासाठी हिरवी ज्योत जवळून दाखवा असं लिहिलं असतं आणि माणसांचे चेहरे विसरला असता.

तेव्हा घटना खऱ्या, संवाद रचलेले, असं साधारण धरायला हरकत नाही. माझा आक्षेप त्यावर नाही. आक्षेप आहे तो कुणाच्या खऱ्या गोष्टी निवडल्या यावर. वीस जनावरांची गाडी दर आठवड्याला दिसली. पण डेथ व्हॅलीतल्या हार्मनी बोरॅक्स वर्क्स या कारखान्यासाठी त्या तापत्या जमिनीवरून टाकणखार खरवडून गोळा करणारे मजूर चिनी होते. ते त्या बोधचिन्हात नाहीत. ही दरी टिंबिशा शोशोनी या मूळ रहिवाशांची पिढ्यानपिढ्यांची वस्ती होती. त्यांच्यासाठी तिला नाव १८४९ मध्ये पडलं नव्हतं. त्यांच्या जमिनीच्या काही भागावरचा हक्क कायद्याने त्यांना परत मिळाला तो २००० साली. गुराख्यांमध्ये काळ्या माणसांचं प्रमाण मोठं होतं, पडद्यावर ते जवळजवळ शून्य. ‘झेन ग्रे थिएटर’ने १९५९ मध्ये ‘मिशन’ या भागात सॅमी डेव्हिस ज्युनियर यांना घेऊन काळ्या घोडदळाच्या सैनिकांची गोष्ट केली. त्या काळात हे धाडस होतं आणि तो भाग आजही पाहण्यासारखा आहे, पण तो अपवादच राहिला.

रोजचं जगणंही बदललं गेलं. ओरेगॉनच्या वाटेवर जवळजवळ ३,२०० किलोमीटर चार ते सहा महिन्यांत पार करायचे असत. गाडीत सामान, म्हणून बहुतेक माणसं चालायची. गाडीला बैल किंवा खेचरं, कारण घोडा गवतावर तेवढी ओढ काढत नाही. पडद्यावर मात्र वेगासाठी घोडे. माणसं मेली ती मुख्यतः पटकीने, नदी ओलांडताना, चाकाखाली येऊन, स्वतःचीच बंदूक उडून. हल्ल्यांत मेलेले त्या मानाने थोडे. रस्त्याच्या मधोमध समोरासमोर गोळी झाडण्याचा प्रकारही क्वचितच घडला. १८६५ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांच्यात झाला तो त्यातला एक. पटकीने मरणारा माणूस शेवटच्या तीन मिनिटांत चित्तथरारक दिसत नाही आणि रस्त्यावरचा सामना दिसतो, एवढं त्याचं साधं कारण.

मराठी वाचकाला या हळू, कष्टाच्या बाजूची ओळख वेगळ्या वाटेने झालेली आहे. जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. त्या पश्चिमेच्या वाळवंटातल्या नाहीत, ओहायोच्या जंगलातल्या आहेत, पण पहिल्या वस्तीचं आयुष्य म्हणजे काय हे त्यांत झाड तोडण्याच्या घामापासून दिसतं. ज्यांनी त्या वाचल्या आहेत त्यांनी ‘डेथ व्हॅली डेज’ पाहताना आपोआप प्रश्न पडू द्यावेत: ही बाई पाणी कुठून आणते, हे मूल आजारी पडलं तर कोण येतं. मालिकेतले चांगले भाग या प्रश्नांना सामोरे जातात, बाकीचे बंदुकीमागे लपतात.

सुरुवात कुठून करावी असंही विचारलं आहे. आधी ‘द शार्पशूटर’ पाहा, मग ‘रायफलमन’चे कुठलेही दोन नंतरचे भाग. नायक पक्का झाल्यावर धोका कसा बोथट होतो ते जाणवेल, आणि कुठल्या भागात लेखकाने तो मुलाच्या किंवा पाहुण्या पात्राच्या खांद्यावर सरकवला आहे तेही दिसेल. नंतर ‘वॅगन ट्रेन’चा पहिला भाग, ‘विली मोरान’. त्यात अर्नेस्ट बोर्ग्नाइन दारूत बुडालेल्या जुन्या मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेत आहेत. त्यांच्यावरचं लक्ष एकदाही न हटवता संपूर्ण तांड्याची ओळख कशी करून दिली आहे ते पाहा. शेवटी ‘डेथ व्हॅली डेज’चे अगदी सुरुवातीच्या हंगामांतले भाग, वुडमन यांच्या लेखणीचा ठसा असलेले. पाहताना एकच नोंद करत जा: मुख्य माणूस कितव्या मिनिटाला मागे फिरू शकला असता, आणि का फिरला नाही. काही भागांत ते मिनिट सापडणारच नाही. ते भाग खुशाल बाजूला ठेवा.